आपला टॉवर, परका टॉवर

भाईंदर पश्चिमेला उत्तनची बस धरली की बाजाराची रेटारेटी थोड्या वेळात मागे पडते आणि मुर्धा, राई, मोरवा अशी गावं एकाला एक चिकटून येतात. मधूनच मिठागरं दिसतात, तिवरं दिसतात, वारा सुटला की ओठ खारट होतात. मोरवा महापालिकेच्या हिशेबात मीरा-भाईंदरचं, जिल्ह्याच्या हिशेबात ठाण्याचं आणि टेलिफोनच्या हिशेबात चक्क मुंबईचं, कोड ०२२. खाडी ओलांडून वसईत गेलात की कोड ०२५०. लोकलने हे अंतर काही मिनिटांचं, पण टेलिफोन खात्याचं कुंपण खाडीच्या पाण्यातून गेलेलं.

मोबाइल आले तेव्हाही कुंपण तिथंच राहिलं. परवाने वाटण्यासाठी देशाची जी मंडळं पाडली त्यांत मुंबई हे स्वतंत्र मंडळ आणि गोव्यासह उरलेला महाराष्ट्र हे दुसरं. प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक मंडळातल्या जाळ्याला एक आकडा मिळाला. त्यातले पहिले तीन अंक देशाचे, भारताचे ४०४ आणि ४०५. पुढचे अंक कंपनीचे आणि मंडळाचे. एअरटेलचा मुंबईतला आकडा ४०४-९२, तर महाराष्ट्रातला ४०४-९०. पुढे व्होडाफोन म्हणून ओळखलं गेलेलं जाळं मुंबईत ४०४-२० आणि महाराष्ट्रात ४०४-२७. टॉवर हा आकडा रात्रंदिवस हवेत पुकारत असतो. फोन तो ऐकतो, सिमकार्डावरच्या आकड्याशी ताडतो आणि ठरवतो, हा टॉवर आपला की परका. मोकळ्या पाण्यावर लहरींना अडवणारं काही नसतं. त्यामुळे किनाऱ्यावरच्या फोनला इमारतीआडच्या घरच्या टॉवरपेक्षा खाडीपलीकडचा परका टॉवर जास्त ठणठणीत ऐकू येऊ शकतो. रोमिंगला वेगळे पैसे पडत त्या काळी ही नुसती गंमत नव्हती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझ्या मामांचा फोन.

मामा मोरव्याचे. २००७ साली त्यांच्या न्यू जर्सीतल्या मुलाने येताना एक घडीचा मोटोरोला आणला, व्ही३एम. पातळ, धातूचा, उघडताना टक्‌ असा आवाज करणारा. मामांनी तो उलटा केला, बॅटरी काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. "अरे, याची सिमची खाच कुठाय?" खाच नव्हतीच. तो फोन सीडीएमए जातीचा होता आणि अमेरिकेत त्या जातीच्या फोनांना सिमकार्ड नसायचंच. ग्राहकाचा नंबर, कंपनीची ओळख, कुठल्या टॉवरला आपलं म्हणायचं ते, सगळं फोनच्या पोटातच लिहिलेलं. आणि ते लिखाण अमेरिकेतल्या कंपनीचं. मोरव्यात तो फोन सुरू व्हायचा, पडदा उजळायचा, आणि मग 'शोधतोय' म्हणत बसायचा. मामींनी त्याला 'हरवलेलं पोर' असं नाव ठेवलं होतं.

मामांकडे आधीपासून एका भारतीय सीडीएमए कंपनीचा फोन होताच. त्याच्या जागी हा चालवायचा, एवढीच इच्छा. आता ही इच्छा पुरी करण्यासाठी काय काय बदलावं लागतं हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला हवं.

भारतात मोबाइल आला तो जीएसएम या युरोपीय पद्धतीने. पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ला कोलकात्याहून दिल्लीला झालं. जीएसएमचा पाया म्हणजे सिमकार्ड. फोन तुमचा, सिम कंपनीचं, दोघांची फारकत केव्हाही करता येते. अमेरिकेत कंपन्या फोन स्वस्तात देत आणि दोन वर्षांच्या कराराने वसूल करत, म्हणून तिथले फोन सिमला कुलपं लावून यायचे. आपल्याकडे फोन पुऱ्या किमतीने विकत घ्यायचा आणि सिम प्रीपेड टाकायचं हाच रिवाज पडला, तेव्हा कुलपाची गरज कुणाला फारशी पडलीच नाही. खिशात दोन कंपन्यांची सिमं आणि फोन एक, हे दृश्य आपल्याकडे अगदी सामान्य होतं.

मग रिलायन्स इन्फोकॉम आली. २८ डिसेंबर २००२ला, धीरूभाई अंबानींच्या जयंतीला, सेवेचं उद्‌घाटन झालं. सगळ्या जाळ्याचं मुख्य केंद्र आपल्याच ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याला. पद्धत जीएसएम नाही, सीडीएमए. त्याच सुमारास टाटांनी ह्यूजेस टेलिकॉम विकत घेतली आणि तीच पुढे टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) झाली, पद्धत तीच. मुंबईत एमटीएनएलचा 'गरुड'ही त्याच जातीचा. २००३च्या जुलैत रिलायन्सने 'मान्सून हंगामा' काढला, पाचशे एक रुपये भरा आणि फोन घेऊन जा. ज्यांनी तोवर मोबाइल नुसता दुसऱ्याच्या कमरेला पाहिला होता, त्यांच्या हातात तो आला. रिक्षावाले, कोळीणी, गवंडी. हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही.

पण पाचशे एक रुपयांत फोन देणारा तो फोन दुसऱ्याच्या जाळ्यावर चालू देईल कसा? सीडीएमएत कुलूप वेगळं लावावंच लागत नव्हतं. सिम नव्हतं, म्हणजे ग्राहकाच्या हातात बदलण्यासारखं काही नव्हतं. फोन आणि कंपनी यांची गाठ कारखान्यातूनच मारून यायची.

ही गाठ तीन धाग्यांची. पहिला धागा ग्राहकाच्या नंबराचा. फोनच्या स्मृतीत एका ठरावीक जागी तो लिहिलेला असे आणि सहा आकडी कोड दिला की ती जागा उघडे. अमेरिकेतल्या व्हेरायझनच्या बहुतेक फोनांत हा कोड सहा शून्यं होता. शेजाऱ्याने किल्ली पायपुसण्याखाली ठेवावी, तसं. बाकीच्या काही कंपन्या प्रत्येक फोनला वेगळा कोड देत आणि तो ग्राहकाला सांगत नसत.

दुसरा धागा माझ्या मते सगळ्यात गमतीचा. त्याचं नाव पीआरएल, म्हणजे पसंतीच्या जाळ्यांची यादी. फोन सुरू झाला की तो सगळं आकाश धुंडाळत बसत नाही, तेवढ्यात बॅटरी संपेल. तो ही यादी उघडतो. यादीचे दोन भाग. एका भागात लिहिलेलं असतं, कुठल्या पट्ट्यात आणि कुठल्या वाहिनीवर कान लावायचा, आणि कुठल्या क्रमाने. तिथे आवाज ऐकू आला तर टॉवर आपला जाळे-क्रमांक सांगतो. हा पंधरा बिटांचा, म्हणजे ३२,७६७ पर्यंतचा आकडा. मग फोन यादीचा दुसरा भाग पाहतो. हा क्रमांक पसंतीचा आहे का? असेल तर पडद्यावर रोमिंगची खूण दाखवायची की नाही? की हा निषिद्धांत आहे, सिग्नल कितीही चांगला असला तरी तोंड फिरवायचं? लग्नाची पंगत मांडताना वधूपक्षाने कुणाला कुठे बसवायचं त्याची जी यादी असते, तशीच ही. आडनाव यादीत नसेल तर ताट नाही.

ही यादी केवढी? काही किलोबाइटच्या आत, मोबाइलवर काढलेल्या एखाद्या फोटोपुढे धुळीचा कण. मामांच्या फोनचा रेडिओ आपल्याकडच्या सीडीएमएच्या लहरी सहज ऐकू शकत होता, कारण अमेरिकेतला एक पट्टा आणि भारतातला पट्टा एकच, ८०० मेगाहर्ट्‌झचा. कान शाबूत, जीभ शाबूत. फक्त यादीत मोरवा नव्हतं.

यादी बदलणं म्हटलं तर सोपं, म्हटलं तर नाही. फोन केबलने संगणकाला जोडायचा, चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने कारखान्यांसाठी आणि दुरुस्तीवाल्यांसाठी केलेलं सॉफ्टवेअर उघडायचं, जुनी यादी वाचून जपून ठेवायची आणि भारतीय कंपनीची यादी लिहायची. हे सॉफ्टवेअर बाजारात कसं आलं ते विचारू नये, लॅमिंग्टन रोडवर ते सीडीवर मिळत असे. पण यादीच्या शेवटी सोळा बिटांचा पडताळा असतो. आधीच्या सगळ्या मजकुरावरून काढलेला तो आकडा. मधला एखादा अंक हाताने बदलला आणि पडताळा नव्याने काढला नाही, तर फोन अख्खी यादी फेकून देतो. वाण्याच्या वहीत मधली रक्कम खोडून बेरीज तशीच ठेवली तर पकडलं जातं, तसं.

भाईंदरच्या ज्या दुकानात मामा पहिल्यांदा गेले तिथल्या पोराला यादी वगैरे काही ठाऊक नव्हतं. त्याला एकच औषध माहीत होतं, "सॉफ्टवेअर मारून देतो, काका." सॉफ्टवेअर मारणं म्हणजे फोनचं सगळं पोट पुसून नवं भरणं. त्याने दुसऱ्या कुठल्या तरी मॉडेलचं सॉफ्टवेअर मारलं. फोन डेड. पडदा काळा, चार्जर लावला तरी दिवा नाही. पोराने फोन परत दिला आणि दोनशे रुपये मागितले. "प्रयत्नांचे," म्हणाला. मामांनी दिले, कारण आगरी माणूस भांडला तर पुरतं भांडतो आणि त्या दिवशी त्यांना तेवढा वेळ नव्हता.

मग ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. या रस्त्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तिथं जाऊन हे नाव घेतलं तर दोन माणसं विचारात पडतात. फोनसाठी मुंबईचे तीन पत्ते होते: क्रॉफर्ड मार्केटजवळचं मनीष मार्केट, हाजीअलीचं हिरापन्ना आणि लॅमिंग्टन रोड. पहिल्या दोन ठिकाणी विकत घ्यायचं, तिसऱ्या ठिकाणी दुरुस्त करायचं, असा ढोबळ नियम. तिथल्या एका पोटमाळ्यावरच्या गृहस्थांनी फोन उघडला, पाहिला आणि म्हणाले, "मेला नाहीये, गोंधळलाय." दोन दिवसांनी फोन जिवंत झाला. यादीही घातली. मामा चर्चगेटच्या दिशेने तोंड करून उभे राहिले आणि पडद्यावर सिग्नलच्या काड्या उगवल्या. कॉल मात्र लागेना.

कारण तिसरा धागा बाकी होता.

सीडीएमए फोनच्या पोटात एक क्रमांक कारखान्यातच कोरलेला असे. ईएसएन त्याचं नाव, बत्तीस बिटांचा. पुढे जगभरचे आकडे संपत आले तेव्हा त्याच्या जागी छप्पन्न बिटांचा नवा क्रमांक आणावा लागला. टॉवरशी बोलताना फोन हा क्रमांक सांगतो आणि कंपनीच्या संगणकात तो ग्राहकाच्या नंबरासमोर नोंदवलेला नसेल तर दार बंद. यादी फोनला सांगते कुणाला आपलं म्हणायचं. हा क्रमांक जाळ्याला सांगतो आपलं म्हणून कोण आलंय. एक आपल्या बाजूचं, दुसरं त्यांच्या बाजूचं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि पोटमाळ्यावरच्या गृहस्थांना तो नेमका ठाऊक होता. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, कंपनीकडे जाऊन हा नवा क्रमांक नोंदवून घ्या. दोन, "जुना सेट आणा. त्याचा नंबर यात टाकतो. कंपनीला कळणारसुद्धा नाही."

दुसऱ्या रस्त्याने काय होतं याची मोठी परीक्षा त्याआधी चार वर्षं हैदराबादेत होऊन गेली होती, आणि तीही रिलायन्स आणि टाटा याच दोन कंपन्यांमध्ये.

२००३ साली रिलायन्सच्या आणखी एका योजनेत फोन जवळजवळ उचलून दिला जात होता. फोनची किंमत १०,५०० रुपये, सुरुवातीला भरायचे ३,३५०, पुढे महिन्याला ६०० आणि बांधिलकी तीन वर्षांची. फोन सॅमसंगचा एन१९१ नाहीतर एलजीचा २०३०. रिलायन्सची तक्रार अशी की टाटा इंडिकॉमची माणसं तिच्या ग्राहकांना गाठतात, चांगल्या दराचं आमिष दाखवतात आणि रिलायन्सच्याच फोनमधला हा क्रमांक बदलून तो टाटाच्या जाळ्यावर आणतात. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. भारतीय दंड संहितेची कलमं लागली, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६५ लागलं, कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ लागलं. टाटाच्या कर्मचाऱ्यांनी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात धाव घेतली. हा सगळा खटलाच रद्द करा, असं त्यांचं मागणं.

२००५च्या जुलैतला तो निकाल वाचण्यासारखा आहे. न्यायालयाला आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं जो आज ऐकायला भोळा वाटेल. मोबाइल फोन हा संगणक आहे का? २००० सालच्या कायद्यात संगणकाची व्याख्या होती, फोनचा उल्लेख नव्हता. न्यायालयाने व्याख्या फोनला लावून पाहिली, फोन आत काय काय करतो ते समजावून घेतलं आणि सांगितलं, होय, हा संगणक आहे. मग पुढचं आपोआप आलं. संगणकाच्या सोर्स कोडमध्ये जाणूनबुजून फेरफार करणं हा कलम ६५चा विषय, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि फोनमधला क्रमांक बदलणं प्रथमदर्शनी त्यात बसतं. विश्वासघात, फसवणूक, कट ही दंड संहितेची कलमं न्यायालयाने काढून टाकली. माहिती तंत्रज्ञान आणि कॉपीराइटची ठेवली, पुराव्याचं काय ते खालच्या न्यायालयाने पाहावं म्हणून. कायद्याची पुस्तकं शिकवताना हा खटला आजही येतो. 'फोन म्हणजे संगणक' हे त्यातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, फोन कुणाचा हा मूळ झगडा मात्र कुणी सांगत नाही.

मामांना अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी दुसरा रस्ता नाकारला त्याचं कारण साधं होतं. जुना सेट मामींच्या हवाली करायचा ठरला होता आणि तो मेला असता. म्हणून ते कंपनीच्या दुकानात गेले. पहिल्या खिडकीवर त्यांना सांगितलं, बाहेरचा सेट चालत नाही. दुसऱ्या शाखेत एका मुलीने सेट बदलल्याचा फॉर्म पुढे केला, क्रमांक लिहून घेतला आणि संध्याकाळपर्यंत फोन लागला. नियम दोन्हीकडे एकच असणार. इंटरनेटसाठी मात्र आणखी एक फेरा झाला. सीडीएमएत नेट सुरू होण्यासाठी फोन #७७७ हा नंबर लावतो आणि आपलं नाव व परवलीचा शब्द सांगतो. ते नाव फोनच्या तिसऱ्याच फाइलमध्ये, अजून अमेरिकेतल्या कंपनीचंच राहिलं होतं.

मामांच्या फोनची ही धडपड चालू होती त्याच वर्षी, २००७च्या ऑगस्टमध्ये, त्याच न्यू जर्सीत जॉर्ज हॉट्‌झ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने नव्या आयफोनचं एटी अँड टीचं कुलूप तोडून दाखवलं. तो फोन देऊन त्याने त्या बदल्यात एक निसान मोटार आणि तीन आयफोन मिळवले. भारतात आयफोन अधिकृतपणे आला २२ ऑगस्ट २००८ला, आठ जीबीचा ३१,००० रुपयांना. तोवर हिरापन्नामध्ये कुलूप तोडलेले पीस खुलेआम झळकत होते. अमेरिकेत कुलूप तोडण्याला परवानगी की गुन्हा यावर पुढे वर्षानुवर्षं घोळ झाला; २०१४ साली तिथल्या संसदेला खास कायदा करून ग्राहकाला ती मोकळीक द्यावी लागली.

आपल्याकडे घोळ वेगळ्या टोकाने झाला. जीएसएम फोनात ईएसएनच्या जागी आयएमईआय असतो, पंधरा अंकी, *#०६# दाबला की दिसतो. पहिले आठ अंक मॉडेलचे, पुढचे सहा त्या एका फोनचे, शेवटचा पडताळ्याचा. २००८-०९च्या सुमारास बाजारात आलेल्या चायना सेटांत हा क्रमांक कधी नसायचाच, कधी सगळे शून्य असायचे, कधी हजारो फोनांना एकच असायचा. मुंबईवर २६ नोव्हेंबरचा हल्ला होऊन गेला होता, आणि ज्याचा माग काढता येत नाही असा फोन हा आता सुरक्षेचा प्रश्न झाला. सरकारने फर्मान काढलं, ३० नोव्हेंबर २००९च्या मध्यरात्रीनंतर आयएमईआय नसलेला फोन जाळ्यावर घेऊ नका. लाखो गरिबांच्या हातात तेच फोन. मग मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने एक उपाय काढला, 'जेन्युइन आयएमईआय इम्प्लांट'. १९९ रुपये भरा, ठरवून दिलेल्या दुकानात जा, तुमच्या फोनमध्ये खरा क्रमांक लिहून मिळेल. म्हणजे हैदराबादेत ज्या प्रकाराचा गुन्हा झाला, तोच प्रकार सहा वर्षांनी पावतीसकट अधिकृतपणे चालू होता. मला यात दांभिकपणा दिसत नाही. ज्याला नाव नाही त्याला नाव देणं आणि एकाचं नाव दुसऱ्याला चिकटवणं, यात फरक आहेच. पण दुकानातल्या पोराच्या संगणकावर दोन्ही कामांची खिडकी सारखीच दिसते, हेही खरं.

त्या खिडकीभोवतीचं कुंपण पुढे वाढत गेलं. २०१७च्या नियमांनी आयएमईआय मुद्दाम बदलणं किंवा पुसणं स्पष्टपणे बेकायदा ठरवलं. २०२३च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. चोरीचा फोन देशभर बंद पाडणारी केंद्रीय नोंदवही सुरू झाली तीही आधी इथेच, सप्टेंबर २०१९मध्ये मुंबईत. कुणी स्वतःच्या फोनची यादी बदलली, कंपनीच्या सेटिंग फाइली बदलल्या, तर त्यात हे कायदे सहसा लक्ष घालत नाहीत. वॉरंटी जाते, ती गोष्ट वेगळी.

आणि सेटिंगच्या फाइलींचे दिवस पुन्हा आले. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं. तेव्हा या जाळ्यात २जी नव्हतं, ३जी नव्हतं, नुसतं ४जी. त्यामुळे बोलणंसुद्धा इंटरनेटसारख्या पुडक्यांतून, व्होल्टी नावाच्या पद्धतीने. फुकट सिमसाठी रांगा लागल्या आणि घरी आल्यावर बऱ्याच लोकांच्या लक्षात आलं, नेट पळतंय पण कॉल लागत नाही. चिनी बाजारासाठी बनलेले, कुणा नातलगाने परदेशातून आणलेले फोन. त्यांच्या चिपला व्होल्टी यायची, पण प्रत्येक कंपनीशी ती कशी बोलायची याची एकेक वेगळी फाइल मॉडेमच्या कप्प्यात असते. सिम घातलं की फोन त्यावरचा देश-कंपनीचा आकडा वाचतो आणि त्या नावाची फाइल उचलतो. जिओची फाइल नसेल किंवा असूनही झोपलेली असेल, तर कॉल नाही. ज्यांना फाइलींशी खेळणं जमत नव्हतं त्यांनी जिओचं कॉलिंगचं अ‍ॅप टाकलं आणि कामाला लागले. ज्यांना जमत होतं त्यांनी त्याच मॉडेलच्या भारतीय आवृत्तीतून मॉडेमचा कप्पा उचलून आपल्या फोनात बसवला, किंवा सिस्टिमच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये व्होल्टीसमोरच्या शून्याचा एक केला.

पट्ट्यांचंही तसंच. जिओचे ४जीचे पट्टे तीन: तिसरा, पाचवा आणि चाळिसावा, म्हणजे १८००, ८५० आणि २३०० मेगाहर्ट्‌झ. क्वालकॉमच्या फोनात कुठले पट्टे उघडे आहेत हे एका प्रचंड आकड्यात लिहितात. पहिल्या पट्ट्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ४, दरवेळी दुप्पट. तिसऱ्याचे ४, पाचव्याचे १६, आणि चाळिसाव्याचे ५,४९,७५,५८,१३,८८८. बेरीज ५,४९,७५,५८,१३,९०८. हा एकच आकडा लिहिला की जिओचे तिन्ही दरवाजे उघडतात. बुद्धिबळाच्या पटावर दुप्पट दुप्पट धान्य मागणाऱ्याची गोष्ट लहानपणी ऐकलेली असते, ती इथे कामाला येते. मात्र आकडा लिहिल्याने रेडिओचा गाळणीचा भाग फोनात उगवत नाही. चाळिसाव्या पट्ट्याचं यंत्रच नसेल तर दरवाजा उघडून मागे भिंत. कित्येकांनी या भिंतीवर डोकं आपटून फोन डेड करून घेतले.

पुढच्याच वर्षी, २०१७च्या जुलैत, जिओफोन जाहीर झाला. १,५०० रुपये अनामत आणि तीन वर्षांनी परत. त्यात फक्त जिओचंच सिम चालायचं. पाचशे एक रुपयांच्या फोनाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. काहींनी याही फोनाचं पोट उघडायचा उद्योग केलाच.

आता हे उद्योग आटोपत आलेत. मॉडेमच्या फाइलींवर कारखान्याची डिजिटल सही असते. सही जुळली नाही तर फोन त्या फाइलीला हातच लावत नाही. शिवाय फोन स्वतःच सगळ्या कंपन्यांच्या फाइली घेऊन येतो. लॅमिंग्टन रोडच्या त्या पोटमाळ्यावर आता म्हणे स्क्रीन बदलून मिळतात.

मामांचा मोटोरोला मोरव्याला कपाटात आहे. तो चालवणारं जाळं राहिलं नाही. रिलायन्स इन्फोकॉमच्या जागी आलेल्या रिलायन्स कम्युनिकेशन्सने सीडीएमएचे ग्राहक ४जीवर हलवले आणि डिसेंबर २०१७मध्ये कॉलची सेवाच बंद केली. टाटांनी त्याच ऑक्टोबरात मोबाइलचा ग्राहक-व्यवसाय एअरटेलकडे देण्याची घोषणा केली. गेल्या दिवाळीत साफसफाईत फोन सापडला. जाड पिनेची जुनी केबल शोधून चार्जिंगला लावला, तासाभराने टक्‌ करून उघडला. पडदा उजळला. यादी आत शाबूत आहे, पोटमाळ्यावर घातलेली. फोन ती वरून खाली वाचतो आणि सांगितलेल्या वाहिन्यांवर एकेक करून कान लावतो. त्या पट्ट्यात शांतता नाही. रिलायन्सच्या सीडीएमएच्या त्याच लहरी, तेव्हा ८०० म्हटला जाणारा तोच पाचवा पट्टा, पुढे जिओच्या ४जीकडे गेला. मामींच्या हातातला फोन त्याच लहरींवर नातवाशी व्हिडिओ कॉल करत होता. मोटोरोला ते सगळं ऐकत होता, त्याला तो नुसता खरखराट वाटत होता, आणि पडद्यावर तेच, 'शोधतोय'.